पुराव्याच्या खुर्च्या

ज्या खुर्चीवरून दोन देशांतले वकील सहा वर्षं भांडत होते, त्या खुर्चीवर मी बसलो. बसलो असंही म्हणता येणार नाही, टेकलो. खुर्चीला तेवढंही सोसलं नाही. तिचा मागचा पाय एकीकडे, पाठ दुसरीकडे आणि मी सरळ खाली. हातातला डबा तेवढा मी सोडला नाही. जिवावर बेततं तेव्हा माणूस काय घट्ट धरून ठेवतो, त्यावरून त्याची पारख होते म्हणतात. माझी झाली.

जमिनीवर बसल्या बसल्या मला खुर्चीच्या पाठीमागे सुतळीनं बांधलेली पाटी दिसली. 'पुरावा. बसू नये.' वळणदार अक्षर, खाली दुहेरी रेघ. आता बसणारा माणूस पुढून येतो आणि पाटी मागे, यात माझी काय चूक? पण हा युक्तिवाद ऐकायला तिथे कोणी नव्हतं. होत्या त्या फक्त खुर्च्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, एकावर एक रचलेल्या, छतापर्यंत. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या असं मला वाटलं.

"काय पडलं रे?" रचलेल्या खोक्यांच्या पलीकडून काकांचा आवाज आला. ते फोनवर मावशीशी बोलत होते. फोन कानाला तसाच ठेवून ते आले, त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. दोन्हींत जास्त वेळ खुर्चीला मिळाला.

"कसला आवाज झाला? पडलात का तुम्ही?" फोनमधून मावशी.

"मी नाही. तुझा भाचा."

"अगं बाई! लागलं का त्याला?"

"त्याला काय धाड भरलीये! खुर्ची गेली."

पलीकडून मावशीचा आवाज आला, आणि तो चक्क आनंदाचा होता.

"मोडली? खरंच मोडली? अहो, मग सुटलात की तुम्ही!"

हे असं कसं, ते सांगण्यासाठी मला जरा मागे जायला हवं.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सारा जन्म त्यांनी गोदाम सांभाळण्यात घालवला. परदेशातून फर्निचर मागवून इथे विकणाऱ्या एका कंपनीचं हे गोदाम. आलेला माल उतरवून घ्यायचा, जाणारा चढवून द्यायचा, आणि मधल्या काळात त्याला घरच्यासारखं जपायचं. घरच्यासारखं हे मी सवयीनं लिहिलं. घरी काकांना स्वतःचा चष्मा सापडत नसे. मावशीचं म्हणणं असं की, यांनी संसाराकडे गोदामाच्या निम्म्यानं जरी पाहिलं असतं, तरी आमच्या घराला दोन मजले चढले असते. गोदामात मात्र माणूस राजा! प्रत्येक वस्तू जमिनीपासून वीतभर उंच, फळ्यांवर. कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या. ओल ओढून घ्यायला चुन्याच्या पुरचुंड्या, त्याही महिन्याला बदललेल्या. इथे झुरळसुद्धा यायचं तर पाय पुसून येत असावं.

तर अशा या गोदामात सहा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून साडेचारशे खुर्च्या आल्या. दिसायला देखण्या, पाठ नक्षीची. दुकानात मांडल्यावर दोन गिऱ्हाइकं बसली आणि दोन्ही पडली. त्यातलं एक गिऱ्हाईक पेशानं पत्रकार निघालं. आमच्या मालकांनी माल परत घ्या म्हणून कळवलं. पाठवणाऱ्यांनी उलट कळवलं, खुर्च्या उत्तम आहेत, तुमच्या लोकांना बसता येत नाही. झालं, ठिणगी पडली.

दोघांनी करार काढून पाहिला. सही करताना तो कोणीच वाचला नव्हता. लग्नात काडीमोडाच्या अटी कोण वाचतो? त्यात लिहिलं होतं की, वाद झालाच तर तो ना तुमच्या देशात ना आमच्या, तिसऱ्याच देशातल्या लवादापुढे चालेल. म्हणजे दोन जावांनी भांडावं आणि न्यायनिवाड्याला तिसऱ्या गावची, दोघींनाही न ओळखणारी बाई बोलवावी, तसला प्रकार. आणि तो निवाडा होईपर्यंत खुर्च्या आहेत तशा जपून ठेवाव्यात, असा हुकूम इथल्या कोर्टानं काढला.

हुकूम घेऊन कोर्टाचा माणूस गोदामात आला तेव्हा मॅनेजर चहा प्यायला गेले होते. नेमके तेव्हाच गेले होते की येणाऱ्याला पाहून गेले होते, याबद्दल आजही दोन मतं आहेत. कोर्टाच्या माणसानं विचारलं, "इथे जबाबदार कोण?"

आता, या प्रश्नाची काका तीस वर्षं वाट पाहत होते. इतक्या वर्षांत माल आला तर मालकांचा, गेला तर मालकांचा, हरवला तर तेवढा काकांचा. जबाबदार कोण असं इतक्या अदबीनं, कागदावर पेन टेकवून कोणी विचारलंच नव्हतं. काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "मी."

त्या एका अक्षरात माणूस अडकला.

कारण कोर्टाच्या माणसानं 'गोदामाचे प्रमुख' असं लिहायच्या ऐवजी काकांचं नाव लिहिलं. आडनावासकट. खुर्च्या यांच्या ताब्यात राहतील, आणि हे परवानगीशिवाय शहर सोडणार नाहीत. मालकांना हे फारच सोयीचं पडलं. त्यांनी फर्निचरचा धंदा गुंडाळला, ते फोनची कव्हरं विकू लागले. मॅनेजर तिथे गेले, हमाल तिथे गेले. गोदामात खुर्च्या राहिल्या आणि काका राहिले. निवृत्तीचं वय आलं नि गेलं. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी पेढे... नाही, घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी काका तेच घड्याळ मनगटाला बांधून कामावर हजर.

त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या मावसबहिणीचं, लग्न होऊन ती समुद्रापलीकडे गेली. तिला मुलगी झाली. मावशी बाळंतपणाला गेली. 'तुम्ही या मागून,' असं म्हणून गेली. तिथे मुलगी-जावई दोघं नोकरीला जाणारी, तेव्हा मावशी तिथलीच झाली. नात रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. काकांना ती फोनच्या काचेत राहणारे आजोबा म्हणून ओळखत होती. आणि आता ती शाळेत जाणार होती. पहिल्या दिवशी शाळेत सोडायला मी येईन, असं काका तिला कबूल करून बसले होते. मुलं बाकी सगळं विसरतात, कबूल केलेलं विसरत नाहीत. रोज विचारायची, "आजोबा, निघालात?"

"निघालोच," काका म्हणायचे आणि पुरचुंड्या बदलायला लागायचे.

काकांनी अर्ज केले नाहीत असं नाही. कोर्टाकडे गेले तर कोर्ट म्हणालं, आता नवा कायदा झालाय. परदेशातल्या लवादाच्या कामात आम्ही बोट घालायचं नाही, तिकडे विचारा. लवादाकडे विचारलं तर उत्तर आलं, ताबा तुमच्या कोर्टानं दिलाय, तो आम्ही कसा काढू? काका म्हणाले, "सासर म्हणतंय माहेरी जा, माहेर म्हणतंय सासरी रहा. आणि मी मधल्या स्टँडवर पिशवी घेऊन."

पुढे दोन देशांत तह झाला. वर्तमानपत्रात मोठा मथळा होता, आता व्यापारातले तंटे झटपट सुटणार. काकांनी कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली. पण आमचा खटला तहाच्या आधीचा. तेव्हा त्याला जुना नियम लावायचा की नवा, यावर दीड वर्ष वाद झाला. तो संपता संपता लवादाचे गृहस्थ निवृत्त झाले. त्यांना होता आलं! नव्या बाई आल्या. त्या सुरुवातीपासून वाचणार म्हणाल्या. तंटे झटपट मिटावेत म्हणून जेवढे कायदे झाले, तेवढ्या वेळा आमच्या खुर्च्यांचा तंटा पुन्हा पहिल्या पानावर आला. बॅग वर, बॅग खाली. शेवटी काकांनी ती खालीच ठेवली आणि तिच्यावर बसून ते बूट घालू लागले. साडेचारशे खुर्च्यांचे राखणदार, आणि बसायला बॅग!

कारण खुर्चीवर बसायची कोणालाच मुभा नव्हती. तज्ज्ञ आले. त्यांनी खुर्च्या मोजल्या, फोटो काढले, वास घेतला. एकानं खुर्चीच्या पायावर टिचकी मारून कान लावला. खुर्ची मोडते की नाही हा वाद, आणि बसून बघायचं सोडून सगळं झालं. पुरावा बदलेल ना!

मग या वर्षी आणखी एक नवा कायदा आला. त्यानं लवादाला अधिकार दिला की, ताबा सांभाळणारा माणूस बदलायचा तर लवादानंच बदलावा. काका धावत वकिलांकडे गेले. हे मालकांचे वकील. बुटके, गोरेपान, बोलताना प्रत्येक वाक्य दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवणारे.

"बदलता येईल," वकील म्हणाले, "पण कारण लागतं. राखणदारानं हयगय केली किंवा त्याला काम झेपत नाही, असं काहीतरी."

"नातीला शाळेत सोडायचंय."

"हे त्यात बसत नाही."

नेमक्या त्याच आठवड्यात मी बसलो.

आता मावशीच्या आनंदाचा उलगडा झाला असेल. मोडलेली खुर्ची म्हणजे हयगय. हयगय म्हणजे कारण. कारण म्हणजे विमानाचं तिकीट. माझ्या वजनाचा कोणाला काही उपयोग होईल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी जमिनीवरून उठलो तो छाती फुगवूनच.

"वा रे भाच्या!" मावशी फोनमधून म्हणाली. "लहानपणी माझ्या लेकीचा पाळणा मोडलास तेव्हा मी तुला बडवलं होतं. चुकलंच माझं."

काका मात्र खाली बसून लाकडाचे तुकडे उलटसुलट करून पाहत होते. "सांधा बघ," ते पुटपुटले. "डिंकच नाही. नुसती दाबून बसवलीये." मग एकदम वर बघून म्हणाले, "पाटी दिसली नाही तुला?"

"मागे होती, काका."

"दिव्याच्या खांबावर आदळण्याआधी त्याला विचारतोस का, पुढे आहेस की मागे? बघून बसावं माणसानं!"

वकिलांनी लवादाला कळवलं आणि सुनावणी ठरली. नव्या नियमांप्रमाणे पडद्यावर. आमची संध्याकाळ, बाईंची दुपार, आणि खुर्च्या पाठवणाऱ्यांच्या वकिलांची सकाळ. वकिलांनी काकांना तयार करायला घेतलं.

"हे बघा काका, खोटं काही बोलायचं नाही. फक्त एवढंच म्हणायचं, वय झालं, आता माझ्याच्यानं होत नाही. बस. बाई दुसरा माणूस नेमतील. म्हणून दाखवा."

"वय झालं," काका म्हणाले.

"पुढे?"

"तसं फार नाही झालं. पण झालं."

"आणि?"

"आता माझ्याच्यानं..." काका घोटभर पाणी प्यायले. "...पूर्वीइतकं भराभर होत नाही. पण होतं."

फोनवरून मावशी कडाडली, "अहो, त्यात बोलायचंय काय एवढं! बाजारातून काही आणायला सांगितलं की मला नाही का म्हणायचात, माझ्या लक्षात राहत नाही? तेच म्हणा!"

"ती गोष्ट निराळी. ते बाजाराचं होतं."

चार संध्याकाळ हा सराव चालला. पाचव्या संध्याकाळी ते न अडखळता म्हणाले, "वय झालं, आता माझ्याच्यानं होत नाही." म्हणून झाल्यावर कितीतरी वेळ बॅगेवर बसून राहिले. मला उगीचच वाटलं, हे वाक्य त्यांच्या घशातून गेलं खरं, पण पोटात गेलं नाही.

सुनावणीच्या दिवशी लॅपटॉप गोदामातच एका खोक्यावर मांडला, कारण बाईंना मोडलेली खुर्ची पाहायची होती. पडद्यावर तीन चौकोन. एकात पांढऱ्या केसांच्या, लोकरीचा स्वेटर घातलेल्या लवादबाई. दुसऱ्यात समोरचे वकील, मागे जाडजूड पुस्तकांचं कपाट. तिसऱ्यात दुभाषा, त्याचं निम्मं डोकंच दिसत होतं. मावशी आणि नात फोनवरून गुपचूप ऐकत होत्या. तो फोन काकांनी खिशात, काळजाच्या बाजूला ठेवला होता.

पहिली पाळी माझी. मी कसा आलो, का बसलो, किती जोरात बसलो. मग समोरच्या वकिलांनी प्रश्न टाकला आणि दुभाष्यानं तो गोड आवाजात माझ्यापर्यंत पोचवला, "आपलं वजन किती?"

मी एक आकडा सांगितला. माणूस सांगतो तो.

काका मागून म्हणाले, "काटा आहे इथे."

मला मालाच्या काट्यावर उभं केलं. काकांनी आकडा मोठ्यानं वाचला, दशांशासकट. दुभाष्यानं तो दुसऱ्या भाषेत सांगितला तेव्हा आणखीच जड वाटला. समोरच्या वकिलांनी करारातलं एक कलम वाचलं, "खुर्ची एका माणसासाठी आहे." आणि माझ्याकडे ते अशा नजरेनं बघत राहिले की, मलाही क्षणभर शंका आली.

मग बाईंनी काकांना बोलावलं. फार मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही बरीच वर्षं हे सांभाळताय. आता तुम्हाला हे झेपतं का?"

दार उघडलं होतं. फक्त उंबरा ओलांडायचा होता. मी कॅमेऱ्याबाहेर उभा राहून जोरजोरात मान हलवत होतो. वकिलांनी दोन्ही हातांनी वाक्य उचलून काकांसमोर धरलं होतं. काकांनी खिशावर हात ठेवला.

"वय झालं," ते म्हणाले.

"हां," बाई म्हणाल्या.

"आता माझ्याच्यानं..."

तेवढ्यात समोरच्या वकिलांनी मध्येच तोंड घातलं. माणूस बहुधा चांगुलपणानंच बोलला असावा. "आम्ही समजू शकतो. एकटा म्हातारा माणूस, एवढं मोठं गोदाम. ओल येणार, धूळ साचणार, कीड लागणार. खुर्च्या अशा ठिकाणी कमकुवत झाल्या तर नवल नाही."

दुभाष्यानं ते सांगितलं. काका थांबले.

"ओल?" ते म्हणाले. "माझ्या गोदामात?"

"काका," मी दबक्या आवाजात म्हणालो. "काका, पुढचं म्हणा. होत नाही म्हणा."

"थांब रे! ओल म्हणतोय तो!"

काकांनी लॅपटॉप उचलला. दोन्ही हातांत, आरतीचं ताट... छे, तान्हं मूल धरावं तसा. आणि बाईंना घेऊन ते गोदामात निघाले. फळ्या दाखवल्या. जमीन आणि फळीमधली वीत स्वतःच्या बोटांनी मोजून दाखवली. पुरचुंडी सोडून चुना दाखवला, कोरडा ठाक. खोक्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट कॅमेऱ्यात खुपसलं. "धूळ बघा! आहे? दिसते?" बाई दचकून मागे सरकल्या. काका बोलत होते आणि दुभाष्याची दमछाक चालली होती. काकांच्या लांबलचक वाक्याचं त्याच्या तोंडून तिकडे दोन शब्दांत काहीतरी जायचं, आणि काका म्हणायचे, "सगळं सांग! गाळू नकोस!"

समोरच्या वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "मग पाटी मागे का बांधली?"

"चोर मागून येतो," काका म्हणाले.

खिशातून बारीक आवाज आला, "आजोबा, निघालात?"

काकांना तो ऐकू आला. मी पाहिलं ना, लॅपटॉप एका हातावर तोलून त्यांनी खिशावर तळवा ठेवला. पण तोवर ते शेवटच्या कोपऱ्यातल्या डांबरगोळ्यांपाशी पोचले होते.

बाईंनी तिथल्या तिथे निर्णय सांगितला. इतक्या वर्षांच्या कामात इतका नीट राखलेला पुरावा त्यांनी पाहिला नव्हता. अशा दक्ष माणसाच्या हातून ताबा काढून घेण्याचं कोणतंही कारण दिसत नाही. तंटा मिटेपर्यंत तेच राखणदार राहतील. खुर्ची मोडणारे गृहस्थ महत्त्वाचे साक्षीदार आहेत. त्यांची साक्ष पूर्ण होईपर्यंत त्यांनीही शहर सोडू नये. नमस्कार केल्यासारखी मान हलवून त्या चौकोनातून निघून गेल्या. काकांचं एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. आजवर कोणी त्यांना इतकं घट्ट कोंडलंही नव्हतं.

वकील आपले कागद उचलून, या खेपेला वाक्य न उचलता, निघून गेले. काकांनी खिशातून फोन काढला.

"अगं, तो ओल म्हणाला," काका म्हणाले.

"ऐकलं मी," मावशी म्हणाली. "जेवून घ्या." आणि फोन ठेवला.

काकांनी झाडू आणला. खुर्चीचे तुकडे एकेक करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधली. मग दुसरी एक खुर्ची काढून रिकाम्या जागी मांडली आणि पाटी तिच्या पुढच्या बाजूला बांधली. हात मागे बांधून लांबून पाहिली, वाकडी वाटली म्हणून पुन्हा सरळ केली. मी डबा उघडून खोक्यावर ठेवला. ते बॅगेवर बसले. मी उभाच होतो. बसायची आता मला हिंमत नव्हती.

खाता खाता त्यांनी एकदा खिसा चाचपला आणि हात परत डब्याकडे आणला. मला राहवलं नाही.

"काका, अर्धं वाक्य बोलून झालं होतं. राहिलेलं अर्धं म्हणाला असतात, की होत नाही, चूक माझी, तर परवा विमानात बसला असतात. पोरगी शाळेच्या दारात वाट बघेल तुमची. एवढं म्हणायला काय जात होतं तुमचं?"

घास गिळून काका पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुर्ची तू मोडलीस."